खाकरण्याआधी

१२ जानेवारी १९५८. प्रकाशा

स्वभाव मोजता येतो म्हणे!

आज शहाद्याच्या शाळेत ग्रामसेविकांची निवड होती. मला वाटलं होतं, सातवीचा दाखला बघतील, दोन गणितं घालतील आणि घरी धाडतील. पण तिथे पुण्याच्या वत्सलाबाई आलेल्या. त्या मानसशास्त्र शिकलेल्या, सरकारनं मुद्दाम बोलावलेल्या. त्यांनी गणित घातलंच नाही. प्रश्नांचा एक लांबलचक कागद दिला, प्रत्येक प्रश्नापुढे हो किंवा नाही लिहायचं. अनोळखी माणसाशी आपण होऊन बोलता का? राग येतो का? चारचौघांत उभं राहिलं की घाम फुटतो का?

जन्मात मला हे कुणी विचारलं नव्हतं. लग्नाआधी बघायला आले तेव्हा भाकरी थापायला लावली आणि अंगणातून चालून दाखवायला सांगितलं. तेवढ्यात त्यांना मी कळले!

बाई म्हणाल्या, कुणी नुसतं लाजाळू किंवा नुसतं धीट नसतं. एक लांब रेघ समजा. एका टोकाला लाजाळू, दुसऱ्या टोकाला धीट, आणि प्रत्येक माणूस त्या रेघेवर कुठेतरी उभा. मी ऐकतच राहिले. केवढी मोठी गोष्ट, आणि किती सहज सांगितली!

येताना गाडीत बसून मी सगळ्या घराला त्या रेघेवर उभं केलं. सासूबाई धीट टोकाला, त्यांच्या पलीकडे जागाच नाही. हे मध्यावर. (हे — म्हणजे मगन. लिहिलं! कागद फाटला नाही.) मामंजींना मात्र कुठे ठेवावं कळेना. लग्नाला पाच वर्षं झाली, त्यांच्याशी एक शब्द बोललेले नाही. सासऱ्यासमोर लाज काढायची, म्हणजे पदर हनुवटीपर्यंत ओढायचा आणि तोंडातून आवाज काढायचा नाही. आम्हा गुजरांच्या घरात सगळ्याच सुनांचं असं. मामंजी ओट्यावर आले की आधी खाकरतात, मग आत येतात. ते खाकरले की मी गप्प.

आणि मी कुठे त्या रेघेवर? त्याचाच तर कागद भरून आले.

१३ जानेवारी

निवड झाली तर धुळ्याला राहून शिकायचं, मग गावोगाव जाऊन बायांशी बोलायचं — पोरांचं खाणं, देवीची लस, बिनधुराची चूल. मला हे हवं आहे. इतकं काही कधी हवंसं वाटलं नव्हतं.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, “मन्ही ना नही. पन बापूले इचारनं पडी.”

मामंजींना कोण विचारणार? कोणत्या तोंडानं?

१७ जानेवारी

नापास झाले असते तर बरं होतं. मी खोटी ठरले!

त्या कागदात सापळे होते, आज पुन्हा शहाद्याला गेल्यावर कळलं. ‘मला कधीच राग येत नाही.’ ‘मी कुणाबद्दल कधी वाईट बोलले नाही.’ अशा सगळ्यांपुढे जो हो लिहितो तो स्वतःला रंगवून सांगतो, असं त्यांचं शास्त्र. बाकीची उत्तरंही मग धरायची नाहीत. आणि आम्ही तापीकाठच्या सगळ्या सुनांनी न अडखळता हो, हो, हो लिहिलेलं! बाई डोक्याला हात लावून बसल्या. “एक तर तुम्ही सगळ्या संत आहात, नाहीतर सगळ्या थापा मारता.” डोंगराकडून आलेली रूपली तेवढी सुटली. तिनं रागापुढे हो लिहिलं होतं, वर बाईंना म्हणाली, “आत्ता पण येतो. किती विचारता?”

मी रडकुंडीला आले. कारण मी थाप मारलीच नव्हती. सासरी सुनेला राग येत नाही, असं धरूनच सगळं चालतं. मीही तेच धरून चालले. त्या कागदावर सुनेनं उत्तरं दिली, माझ्यातल्या मीनेला कुणी हात लावू दिला नाही.

हे मी बाईंना जसंच्या तसं सांगितलं. कसं बोलले कोण जाणे. त्यांनी मग एक चित्र पुढे ठेवलं. दारात एक बाई उभी आहे, हात चौकटीवर, बाहेर जाते की आत येते ते कळत नाही. म्हणाल्या, हिची गोष्ट सांग. मी सुरू केली आणि थांबेचना! ती बाई कुठे निघाली, कुणी अडवलं, तिनं काय उत्तर दिलं. त्यांचा चहा गार झाला. चित्र त्यांचं, बाई कागदावरची, आणि गोष्ट माझ्या पोटातली. माझं मला नवल वाटलं.

बाई म्हणाल्या, “कागद सांगतो ही तोंड उघडणार नाही. गोष्ट सांगते हिला थांबवणं कठीण. मी तुझ्या घरी येते. सोबत राहणाऱ्या माणसांना विचारते आणि मग ठरवते.”

२१ जानेवारी

वत्सलाबाई येऊन गेल्या.

ओट्यावर बाज टाकली. मी दाराआड. बाईंनी आधी सासूबाईंना विचारलं, सून कशी आहे?

“गाय शे, गाय! पाच वरीसमा वर मान करीसन बोलनी नही.”

सकाळीच मिठावरून आमची जुंपली होती! पण परक्या बाईपुढे सुनेची अब्रू राखायची म्हणून त्या जीव तोडून माझी स्तुती करत होत्या, आणि त्या स्तुतीनं माझं धुळं लांब लांब जात होतं. मग हे. “शांत शे. भलती शांत.” आईसमोर दुसरं काय सांगणार? मी दाराला कपाळ टेकवलं. संपलं सगळं.

बाई मामंजींकडे वळल्या. सासूबाई हसल्या, “त्यासले काय इचारतस? त्यासनी तिन्हा आवाज बी आयकेल नही.”

मामंजी म्हणाले, “आयकेल शे.”

सासूबाई वळून त्यांच्याकडे बघायला लागल्या.

“मी ओटावर येस. ती मझार घरमा बोली ऱ्हायनी ऱ्हास. मी खाकरत नही. उभा ऱ्हास. तिन्ही गोट पुरी व्हई जास, मंग खाकरस.”

पाच वर्षं मला वाटायचं, माझं बोलणं संपायला आणि मामंजींच्या खाकरण्याला कशी रोज बरोबर गाठ पडते! नशीब समजत होते मी.

मग त्यांनी देवीची लस टोचायला माणूस आला होता तेव्हाचं सांगितलं. गल्लीतल्या बाया पोरं लपवून बसल्या होत्या. “हिनी दारना मांगून एकेकले हाका मारी समजाडं. सगळ्या भायेर उन्यात, पोरे लीसन. मी कोपरामांगे उभा व्हतू. मी मनमा म्हनं, आत्ते खाकरू नको, चुनीलाल, तिले बोलू दे.”

बाईंनी हळूच विचारलं, मग तुमच्या मते ती लाजाळू की धीट?

“लाजाळू मी शे,” मामंजी म्हणाले. “ती नही.”

मी पदर तोंडात कोंबून रडले. माणूस मोजायची केवढी केवढी साधनं बाई पुण्याहून घेऊन आल्या. आणि आमच्याच ओट्यावर कुणीतरी पाच वर्षं मला ऐकत उभं होतं. एवढं कुणी कुणाला ऐकतं?

२९ जानेवारी

नाव लागलं! शाळेचे मास्तर निरोप घेऊन आले. होळी झाली की धुळ्याला हजर व्हायचं.

ह्यांनी मामंजींच्या कानावर घातलं. त्यांनी मान हलवली, पण ती हो म्हणून की नुसती ऐकलं म्हणून, ह्यांना सांगता येईना. सासूबाई म्हणतात, “त्यासना मनमा काय शे, त्याच सांगतीन.” ते काही सांगत नाहीत. त्यांच्या शब्दाशिवाय मी उंबरा ओलांडणार नाही, आणि शब्द मागायला मला तोंड नाही.

२ फेब्रुवारी

आणि आता मला बोलताच येत नाही!

ते बाहेर उभे असतील, हे कळलं ना. तोंड उघडलं की कान ओट्याकडे. सासूबाई सकाळी म्हणाल्या, “तुले काय व्हयनं वं? घर सुनं लागस.” आज तर मिठावरूनसुद्धा भांडले नाही. मोजून झालेलं माणूस पहिल्यासारखं राहतं का, हे बाईंना विचारायचं राहून गेलं.

दुपारी पायऱ्यांवर पावलं वाजली, मग काहीच नाही. मी कणीक मळत गप्प. ते खूप वेळ उभे होते. शेवटी खाकरले, पण किती बारीक. मला फार वाईट वाटलं.

६ फेब्रुवारी

सकाळी ठरवलं, ऐकू देत. सासूबाईंना बिनधुराच्या चुलीचं समजावत होते, चांगलं मोठ्यानं. धुराडं कुठे बसवायचं तिथवर आले आणि समोर मामंजी. खाकरले नव्हते. सरळ आत येऊन खांबाला टेकून बसले. माझा हात पदराकडे गेला.

“थांबू नको,” म्हणाले. मला. “धुळ्याले असंच बोलनं पडी.”

मी बोलत राहिले.