भावोजींची नागपूरला बदली

नाहूर,
रविवार, ५ ऑक्टोबर १९८६

तीर्थरूप शिवदास भावोजींस,

काशीरामचा दोन्ही हात जोडून, मान खाली घालून नमस्कार. (मान खाली का, ते पुढे येईलच.) ताईचे गुडघे कसे आहेत? मागल्या दारची पायरी बांधून घ्या म्हणून मी दोनदा लिहिलं, तुम्ही दोनदा ‘बघू’ म्हणालात. तुमचा खोकला कमी असेल अशी आशा आहे. गिरणीतला कापूस छातीतून निघायला गिरणीत काढली तेवढीच वर्षं लागतात म्हणे, तेव्हा वेखंड सोडू नका. इकडे मी, सुगंधा, दुकान, सगळं ठीक. तुमची रत्नाही उत्तम आहे, अभ्यास करते, वजन वाढलं आहे. हे पत्र आधी एकट्यानेच वाचा आणि मग ताईला कितपत वाचून दाखवायचं ते ठरवा.

पत्रास कारण की, गेले तीन महिने तुम्ही नागपूरला आहात आणि तुम्हाला ते कळवायचं राहून गेलं.

घाबरू नका, सगळं सांगतो. जूनमध्ये तुमचं पत्र आलं, की रत्नाला विद्यापीठात एम. एस्सी.ला प्रवेश मिळाला, वसतिगृहाच्या यादीत तिचा नंबर शेहेचाळिसावा आहे, तरी कालिन्याच्या आसपास एखादी बरी खोली बघ. मी उलट टपाली लिहिलं की आठ दिवसांत बघतो, आमच्याकडे जागा असती तर प्रश्नच नव्हता. मला खरंच वाटलं होतं की आठ दिवसांत होईल. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत कोणाचाही पंखा, मिक्सर नाहीतर पाण्याचा पंप जळला की लोक माझं नाव घेतात. मला वाटलं, ज्याला लोक घरात घेतात त्याला घर मिळायला काय अडचण. पण पंखा वर टांगायचा असतो आणि भाडेकरू खाली राहतो, हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता.

पहिली जागा घाटकोपरला. बाई बोलायला गोड. मुलगी कुठली म्हणाल्या, मी म्हटलं कोकणातली. त्या म्हणाल्या, म्हणजे खाते. मी म्हटलं, जेवण तर सगळेच खातात. त्यांना ते आवडलं नाही. घरात मासे नाहीत, बाहेर खाल्ले तर आंघोळ करून घरात, फ्रिजला कुलूप, आणि किल्ली मागायची नाही. मी यालाही तयार झालो असतो, पण आतल्या खोलीतून त्यांच्या सासूबाई हलक्या आवाजात विचारत होत्या की आधीची मुलगी का गेली ते यांना सांगितलंस का. (गिरणीतल्या साच्यांच्या आवाजाने माझा डावा कान खाल्ला हे तुम्हाला माहीत आहे, पण उजवा दोघांचं काम करतो.) मी चहा संपवला आणि उठलो.

दुसरी जागा मुलुंडलाच, एका निवृत्त गृहस्थांची. ते म्हणाले, आम्ही फक्त कंपनीला देतो. मी म्हटलं, माझी कंपनी आहे, आणि ‘काशीराम रिवाइंडिंग वर्क्स’चं बिलबुक पुढे केलं. त्यांनी चष्मा लावून ते पहिल्या पानापासून वाचलं आणि विचारलं, ऑफिसर किती? मी म्हटलं, एक. कोण? मी. मग त्यांनी रत्नाची बदलीची ऑर्डर बघायला मागितली. अशा अकरा जागा बघितल्या, भावोजी. प्रत्येक ठिकाणी मी माणूस ओळखण्यात हुशार ठरलो आणि खोली मिळवण्यात नापास.

बारावी अंधेरीची. तिथल्या औद्योगिक वसाहतीत मी तार घ्यायला जातो, तिथल्या एका गिऱ्हाइकाने पत्ता दिला. सुहासिनीबाई, टेलिफोन खात्यातून निवृत्त, यजमान वारलेले, मूलबाळ नाही, भाऊबहीण नाही, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. मी सरळ कामावरून हत्यारांची पिशवी घेऊन गेलो. बसल्या बसल्या म्हणालो, तुमच्या पंख्याचा बुश गेलाय. त्या म्हणाल्या, आणि तुमचा डावा कान. तीस वर्षं हेडफोन लावून बसलेली बाई, तिला कळणारच. मला घर पसंत पडलं आणि त्यांना मी. कालिना तिथून एका बसवर. आता सगळं जमलं, एवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी विद्याधरराव वर आले.

या सोसायटीचा नियम असा, की भाडेकरू ठेवायचा नाही, पेइंग गेस्ट तर नाहीच नाही. नातेवाईक मात्र कितीही दिवस राहू शकतो. विद्याधररावांनी माझ्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं, आणि विचारलं, हे कोण? माझी जीभ माझ्याआधी धावते हा माझा जुना दोष. मी म्हटलं, पंखा बघायला आलोय. बाई त्याहून चपळ. म्हणाल्या, माझी भाची शिकायला यायची आहे ना, तिच्या खोलीतला दुरुस्त करून घेतेय. झालं. सेक्रेटरी ‘अरे वा’ म्हणून गेले आणि मी माझ्या सख्ख्या भाचीचा पंख्यावाला झालो.

इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. पण अर्धवट काम मला जमत नाही. बिलाच्या मागच्या बाजूला मी तिथेच वंशावळ मांडली. बाईंना मावशी करावं, तर त्या ताईची बहीण होतात, म्हणजे माझीही, आणि सेक्रेटरींना मी पंख्यावाला सांगून बसलो होतो. शिवाय मावशीचं माहेर कोणी खोदून विचारलं तर उत्तर नाही. आत्या केलं की सोपं. आत्याचं माहेरचं आडनाव तेच भाचीचं आडनाव, आणि बाईंचं माहेरचं आडनाव सोसायटीत कोणाला माहीत नाही. तुमचं नावही बदलावं लागलं नाही, रत्नाच्या सगळ्या कागदांवर आहेच. फक्त तुमची नोकरी आणि गाव बदललं. कोकणातला भाऊ म्हटलं तर लोक म्हणणार, मग येत का नाही. म्हणून नागपूर. सरकारी कचेरी. रजा मिळत नाही. मी एवढा खूश होतो की बाईंचा पंखा फुकट दुरुस्त केला.

तुमची पत्रं माझ्या पत्त्यावर का मागवतो, हे तुम्ही ऑगस्टमध्ये विचारलंत आणि मी लिहिलं की अंधेरीचा पोस्टमन बेभरवशाचा आहे. पोस्टमन चांगला माणूस आहे. पत्रावर गावचा शिक्का असतो, एवढंच कारण. दर रविवारी तुमचं पत्र हत्यारांच्या पिशवीत घालून मी अंधेरीला जातो आणि चांगला चालणारा पंखा खाली उतरवतो. मला नेमाने येताना बघून सोसायटीतल्या इतरांनीही बोलवायला सुरुवात केली. आजवर अकरा पंखे, चार मिक्सर आणि सोसायटीचा पंप. (पंपाचं काम नऊ वर्षांपूर्वी कोणी केलं होतं देव जाणे, आत तार कमी आणि सुतळी जास्त होती.)

आता खरं ते सांगतो. पहिल्या रविवारी रत्नाने दार उघडलं आणि आत बघून म्हणाली, ‘आत्या, पंख्यावाले आलेत.’ तिचा आवाज मध्येच घासला. मला बरं वाटलं. दुसऱ्या महिन्यात घासणं कमी झालं. गेल्या रविवारी मी स्टुलावर उभा होतो, सेक्रेटरींच्या मंडळी हळदीकुंकवाचं सांगायला आल्या होत्या. त्यांनी रत्नाला विचारलं, वडील काय करतात गं? तिने केस विंचरता विंचरता सांगितलं, नागपूरला असतात, ऑफिसात. कुठे अडकली नाही. नवं बेअरिंग फिरावं तसं. माझ्या हातातला स्क्रू खाली पडला आणि तिनेच तो उचलून दिला.

भावोजी, मी एकोणिसाव्या वर्षी लालबागला आलो तेव्हा तुमच्या दहा बाय बाराच्या खोलीत आधीच सात माणसं होती. तुम्ही मला गिरणीत बदली कामगार म्हणून लावलंत आणि स्वतःचं अंथरूण बाहेर गॅलरीत नेलंत. चाळीत कोणी विचारलं की हा कोण, तर तुम्ही सांगायचात, माझ्या बायकोचा भाऊ. मी नापास होऊन आलो होतो, खरूज घेऊन आलो होतो, तरी तेच सांगायचात.

त्या दिवशी रत्ना मला जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत सोडायला आली. हळूच म्हणाली, ‘मामा, बाबांना कळवलंत?’

मी म्हटलं, सवड काढून कळवतो.

‘आज कळवा. मी लिहिलं तर त्यांना वाटेल, मला त्यांची लाज वाटते. तुम्ही लिहिलंत तर त्यांना वाटेल, ही काशीरामची अक्कल.’

तेव्हा भावोजी, ही काशीरामची अक्कल. मुलीला बोल लावू नका. ताईला आमच्या दोघांचा नमस्कार, काजूच्या झाडाखालच्या देवाला माझ्या नावाने नारळ ठेवा, पैसे मी पाठवतो.

तुमचा,
काशीराम

ता. क. पत्र खरं म्हणजे यासाठी होतं. भाऊबीज जवळ आली. मी वंशावळ मांडली तेव्हा आत्याला भाऊ असतो हे लक्षात होतं, भावाला भाऊबीज असते हे नव्हतं. सेक्रेटरींच्या मंडळींनी सगळ्या जिन्याला सांगून ठेवलं आहे, की सुहासिनीबाईंचा भाऊ यंदा नागपूरहून येणार. बाई इतकी वर्षं भाऊबीजेला दार लावून बसत असत. यंदा त्यांनी निळं शर्टपीस आणून ठेवलं आहे आणि रत्नाला तुमच्या कॉलरचं माप विचारलं. तरी तुम्ही एक दिवसासाठी यावं ही हात जोडून विनंती. धोतर नको, पँट मी शिवून ठेवतो, कमरेचं माप सुतळीने घेऊन पाकिटात घाला. बोलायचं फार नाही. तुम्ही मुळातच अबोल आहात असं मी सांगून ठेवलं आहे. फक्त ‘होय’ला ‘व्हय’ म्हणू नका.

ता. क. दुसरा, सोमवार. पत्र टाकायला निघालो होतो, पेटीपर्यंत जाऊन परत आलो. पँटचं विसरा. सुगंधाला वरचा मजकूर वाचून दाखवला. ती उठली आणि आतल्या खोलीचं दार उघडून उभी राहिली. वास्तुशांतीला तुम्ही संपामुळे येऊ शकला नाहीत, म्हणून आतली खोली तुम्ही बघितलेली नाही. आम्हाला दोन नव्हे, तीन खोल्या आहेत. तिसरीत तांब्याची तार आहे. भाव पडला होता तेव्हा घेऊन ठेवली, जमिनीपासून खिडकीच्या गजापर्यंत. जूनमध्ये ‘आमच्याकडे जागा असती तर’ हे मी त्या खोलीच्या दारात बसून लिहिलं. तारेला ओल लागू नये म्हणून त्या खोलीत पावसाळाभर पंखा चालू होता.

ता. क. तिसरा, गुरुवार. तार हातगाडीने मुलुंडला दुकानात नेली, आता तिथे मला बसायला जागा नाही. खोलीला चुना लावला. काल अंधेरीला गेलो, पिशवी न घेता, आणि आधी विद्याधररावांचं दार वाजवलं. सांगितलं की मी पंख्यावाला असलो तरी या मुलीचा सख्खा मामा आहे, बाप नागपूरला नाही, गिरणीतून सुटून गावी शेती करतो, आणि बाई तिच्या कोणी नाहीत. त्यांनी मला बसायला सांगितलं. म्हणाले, ‘काशीराम, एक पंखा बारा आठवडे दुरुस्त होत असतो काय? पोरगी तुम्हाला सोडायला जिन्यात येते, घरात कुळथाची पिठी करते. माझी आई तिकडचीच. पहिल्या महिन्यातच कळलं सगळ्यांना.’

मी विचारलं, मग बोलला का नाहीत?

ते म्हणाले, ‘सुहासिनीबाई संध्याकाळी खिडकीत येऊन बसची वाट बघायला लागल्या. ते बघून कोण बोलणार? पंप तेवढा बघत जा.’

म्हणजे तुम्हाला नागपूरला पाठवलं ते फुकट. सोसायटीने मागितलं नव्हतं ते मी माझ्या हुशारीने देऊन टाकलं.

वर जाऊन रत्नाला म्हटलं, चल, खोली रिकामी केली आहे. तिने शर्टपीसची घडी घातली. म्हणाली, ‘मामा, परीक्षेपर्यंत इथेच राहते. आत्यांना एकटं वाटेल.’ त्यांना आत्या म्हणताना तिने इकडेतिकडे बघितलं नाही, आणि ऐकायला सोसायटीतलं कोणी नव्हतंही. ‘जूनमध्ये म्हणाला असतात तर धावत आले असते,’ असं ती म्हणाली नाही. मला ऐकू आलं.

तेव्हा तुम्ही दोघं दिवाळीला याच. उतरायचं नाहूरला, आतल्या खोलीत. भाऊबीजेला ताईकडून मी ओवाळून घेईन, आणि तुम्ही हवं तर अंधेरीला जाऊन या, धोतरातच. शर्टपीस आणलेलं आहे, ते त्या बाई दुसऱ्या कोणाला देणार? आणि रत्नाला पत्र आता माझ्याकडे पाठवू नका, सरळ अंधेरीला टाका, पत्ता सोबत लिहिला आहे. पाठवणाऱ्याच्या जागी तुमचं नाव आणि त्याखाली गावाचं नाव ठळक अक्षरांत लिहा. पोस्टमन पत्रं खाली जिन्यापाशी पेटीवर ठेवतो, आणि वर जाताना सगळेजण ती वाचतात.