दसऱ्याचा विसावा

१ ऑक्टोबर, बुधवार
बॅटरीच्या अ‍ॅनोडचे सगळे रोल झाले एकदाचे. तांब्याच्या पातळ पत्र्यावर ग्राफीनचा काळा लेप, कुठे भेग नाही. माझी नखं मात्र जन्मभर काळीच राहणार. आई म्हणते, एवढं शिकून कोळसेच विकायचे होते का. तिला काय सांगू, पेन्सिलीतल्या शिशाचाच हा पातळातला पातळ पापुद्रा, यानेच बॅटरी लवकर भरते आणि जास्त पळते. खोड एकच. हवेतली ओल ओढून घेतो, सोडत नाही. म्हणून रोल कोरड्या खोलीत आणि तिथला हवा सुकवणारा ड्रायर रात्रंदिवस चालू. उद्या सुट्टी, म्हणून मशीनवर चिठ्ठी चिकटवली : बंद करू नये.

आमचे मालक पराग सर, त्यांचं दिवसभर एकच. पुण्याची कंपनी या खेपेला आमच्या बॅटऱ्या घ्यायला हो म्हणाली तर ठीक, नाहीतर गोडाऊन सोडायचं. म्हणजे माझी नोकरी गेली, आणि मीच लावून दिलेली बाबांची वॉचमनकीपण.

२ ऑक्टोबर, दसरा
दिघाशीत, घरी. बाबा अंजूरच्या गोडाऊनवर ड्युटीला. दुपारी त्यांनी फोटो पाठवला. गोडाऊनमधल्या प्रत्येक मशीनला झेंडूचा हार, हळद-कुंकू, पुढे नारळ. शेजारी बाबा, चक्क हसताना. भिवंडीतले त्यांचे कापडाचे लूम भंगारात गेल्यापासून त्यांनी एकाही मशीनला हार घातला नव्हता. आईने फोटो दोनदा बघितला. बरं वाटलं.

६ ऑक्टोबर
सेल तयार. काही टेस्टिंगला ठेवले, बाकीच्यांचा एक पॅक बांधून काशिनाथच्या ई-रिक्षात बसवला. अंजूर–भिवंडी मारतो तो. आकडे इतके छान की सरांनी पेढे आणले. मीही खाल्ले.

१३ ऑक्टोबर
टेस्टिंगचा एक सेल फुगला. दुपारपर्यंत आणखी काही. पुरीसारखे टम्म. आत गॅस झालाय, म्हणजे ओल. पण ओल आली कुठून? सुट्टीनंतर मी आले तेव्हा ड्रायर चालू होता, ओलीचा काटा जागेवर होता.
सर म्हणाले, पावडरच खराब असणार. पुण्याला अवाक्षर नको.

१५ ऑक्टोबर
कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं.
जेवताना मी वैतागून म्हटलं, ओल आत शिरलीच कशी. बाबा भाकरी मोडता मोडता, अगदी सहज :
"दसऱ्याच्या दिशी तेवरं मशीन बंद व्हतं. पन दार लावलेलं."
"कोणी बंद केलं?"
"मी. पूजा केल्यावं मशीन चालवतंत काय पोरी? लूमपन कदी चालवला न्हाय दसऱ्याला. सकाली फुला काढली नि चालू केलं."
"चिठ्ठी होती ना वर."
"हार घातला. चिठ्ठी कशी दिसंल?"
लपवायचं त्यांच्या मनातही नव्हतं. उलट आपण मशीनचं बरं केलं, असा चेहरा. मी सगळं समजावून सांगितलं, फुगलेला सेल पेट घेतो हेही. त्यांनी हातातली भाकरी ताटात ठेवली. मग विचारलं, "काशिनाथची गाडी?"
त्याचा पॅकही याच रोलचा.

१६ ऑक्टोबर
काशिनाथकडे जाऊन आले. पॅकचं झाकण एका बाजूने उचललं गेलंय. चार्जिंग ओटीवर, आणि आतल्या भिंतीला लागूनच त्याच्या पोरी झोपतात. म्हटलं, पॅक परत दे, जुना बसवून देते.
"ताय, जुन्यावं दुपारी गारी बसते. आता दिवसभर चालते. दिवालीच्या तोंडावं मी परत देऊ?"
झाकण दाखवलं. म्हणे, खड्ड्यांनी झालं असंल.
खरं कारण ओठांवर आलं होतं. बाबांचा चेहरा आठवला आणि गिळलं. स्वतःची लाज वाटतेय.

१७ ऑक्टोबर
सरांना सांगितलं. नाव वगळून. दसऱ्याला ड्रायर बंद होता, रोलमध्ये ओल आहे, काशिनाथचा पॅक आजच काढा.
सरांनी दार लोटून घेतलं. मग, "दसऱ्याला ड्युटीवर तुझे बाबाच होते ना?"
मी मान डोलावली.
"मग तू तर गप्पच बसलेलं बरं. सोमवारी पुण्याची माणसं चालती रिक्षा बघायला येतायत. तोवर काही होत नाही."
आवाजही चढवला नाही त्यांनी. चहा पाजला वर. संताप संताप झाला, आणि तो चहा मी प्याले.
घरी येऊन बाबांना सांगितलं. ते उठून चपला शोधायला लागले. आईने कसंबसं सकाळपर्यंत थांबवलं.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी
बाबांबरोबर काशिनाथकडे. दारात रिक्षा धुऊन उभी, हळद-कुंकू लावलेलं, पॅकवर हार. हाराखाली झाकण परवापेक्षा वर आलेलं.
बाबांनी आडपडदा ठेवला नाही. "मी मशीन बंद केलं, म्हून ह्यो फुगला. आग लागंल. दे परत."
काशिनाथ हसला. "काका, इसावा दिल्यानं कंदी मशीन बिगरते काय?"
मी ओल, गॅस, सगळं सांगितलं. तो मान हलवत होता, पण ऐकत नव्हता. सरांना फोन लावला त्याने. सर म्हणाले, पॅक उत्तम आहे, बिनधास्त चालव. झालं. शिकलेल्या माणसाने सांगितलं.
मला रडू येत होतं. बाबांनी रिक्षावरच्या हाराकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "पूजा केलीस ना? मंग आजचे दिस गारीला इसावा दे. चार्जिंगला पन लावू नको."
आणि तो लगेच हो म्हणाला. वायर काढली. दोघांनी मिळून पॅक उचलून अंगणाच्या टोकाला, घरापासून लांब ठेवला.
आजचा दिवस. उद्या सकाळी भाडं घेतलंय त्याने. सरांचे फोन येतायत, मी उचलत नाही.
दिवे लागणीला मी एकटीच घरी आले. बाबा यायला तयार नाहीत. रेतीची बादली घेऊन पॅकशेजारी बसलेत.