झुलीखाली बघितलं, विहीणबाई

विहीणबाई, भोकरकडच्या तुमच्या भागीरथीचा नमस्कार.

सगळ्यांच्या आधी आली ती शेजारची कमल. हात पिठाने भरलेले, पदर कमरेला खोचलेला, अन् दारातूनच म्हणते, "काकू, तुमच्या नातीची गाडी दत्ताच्या दारात उभी हाय. आधी घोडीला भेटायचं, मग सवड झाली तर आजीला, असं दिसून राहिलं."

आपली मुक्ता हो. तुमच्या लेकाची, माझ्या लेकीची. उदगीरला शिकून ती जनावरांची डॉक्टर झाली, तेवढं तुम्ही बघून गेलात. पण आता ती एका मोठ्या डॉक्टर मॅडमबरोबर गावोगाव लग्नातल्या घोड्या तपासत फिरते, हे तुम्हाला कोण सांगणार? म्हणून म्हटलं आपणच लिहावं. माझी शाळा चौथीपर्यंतची, अक्षर मुंग्या चालल्यासारखं. तुम्ही चालवून घ्याल. अन् खरं सांगू का, लिहायचं कारण नुसती मुक्ता नाही. एक गोष्ट मी सत्तावीस वर्षं चुकीची सांगत आले. ती आधी तुमच्याजवळ नीट करायची आहे.

दत्ता म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाचा घोडीवाला. त्याच्या घोडीचं नाव लाडी. आमच्या अन् आजूबाजूच्या चार गावांत नवरदेवाचा परण्या वाजतगाजत निघाला की तो मारुतीच्या पाया पडायला जातो ते लाडीवर बसूनच. कमलच्या पोराचं लग्न शुक्रवारी होतं, इथंच गावात, पोरीकडचे इकडं येणार होते. लाडी ठरलेली होती. कमलच्या हाताला पीठ होतं ते त्याच लग्नाच्या करंज्यांचं.

मी ताकाची चरवी घेतली अन् निघाले. गुडघे कुरकुरतात आता, पण नातीला बघायला जाताना कुरकुरले नाहीत. कमल तशाच हाताने मागं आली.

मुक्ता लाडीच्या तोंडाशी बसली होती. मॅडमनी लाडीचा लगाम माझ्या हातावर ठेवला. आतल्या बाजूने खिळ्यासारखे दात त्याला. ओढला की जिभेत रुततात. अन् आपण काय म्हणायचो? बघा, घोडी कशी ऐटीत मान उडवून राहिली. मॅडमनी पिशवीतून साधा, गुळगुळीत लगाम काढला अन् म्हणाल्या, "तो द्या, हा घ्या." दत्ताने दिला.

पण झूल काढा म्हटल्यावर तो आडवाच आला. "झूल नका काढू, मॅडम. नजर लागते तिला."

मुक्ताने माझ्याकडे बघितलं. विहीणबाई, तुमची ती एक भुवई वर जायची ना, अगदी तशी. "आजी, तू सांग की गं."

मी सांगितलं न्हाई. जाऊन टोक धरलं अन् झूल उचलली.

पाठीच्या कण्यावर तळहाताएवढी जखम. वर हळद, वर गाडीचं काळं तेल, त्यावर माशा. वासाने मला चरवी खाली ठेवावी लागली.

"हे कवापासून?" मी विचारलं.

"दिवाळीपासनं, काकू." त्याची मान खाली. "लई उपाय केले. खोगीर तिच्या मापाचं न्हाई. ती वाळली तसं ते हाडावर बसाया लागलं."

अन् मला तुम्ही आठवलात. तुमच्या लेकाच्या लग्नातल्या.

चाकूरहून तुमचं वऱ्हाड आलेलं, आमच्या मांडवासमोर सजवलेली घोडी उभी होती. तेव्हा दत्ताचा बाप घोडी आणायचा. तुम्ही घोडीजवळ गेलात, झुलीचं टोक उचललंत, अन् परत येऊन बाजेवर बसलात. "माझा लेक पायी जाईल." बस, एवढंच. आम्हाला काय कळणार? वरमाई रुसली म्हटलं. लुगडं आणून झालं, माझे दीर पाया पडून झाले. मी साखर घेऊन आले. तुम्ही चिमूट तोंडात टाकलीत अन् म्हणालात, "साखर गोड हाय विहीणबाई, पण लेक पायीच जाईल." जावई उन्हात मारुतीपर्यंत चालत गेले, नवा बूट चावला, दोन दिवस लंगडले. अन् मी ती गोष्ट बारशापासून बाराव्यापर्यंत सगळीकडं सांगत फिरले. आमच्या विहिणीने घोडीवर रुसवा धरला म्हणून.

पुढं दिवाळीला तुम्ही मला सांगितलं होतं की हो. घोडीच्या पाठीला जखम होती, तुम्ही चारचौघांत बोलला असतात तर आमच्या पोरांनी त्या घोडीवाल्याला मारलं असतं. मी कांदा चिरून राहिले होते. वर न बघता म्हणाले, "आता कशाला सारवासारव, विहीणबाई." तुम्ही हसलात अन् मीठ मागितलंत. का हसलात? भांडायचं होतं माझ्याशी. एवढी वर्षं मला मोकळं सोडायला नको होतं.

इकडं मॅडम सांगत होत्या, "दोन महिने पाठीवर काही नको. खोगीर नको, माणूस नको. नाहीतर जखम हाडात जाईल, मग माझ्याही हातात काही राहणार नाही."

दत्ता म्हणाला, "लगीनसराई हाय मॅडम. दोन महिने घोडी बांधून ठेवली तर पुढं मला इचारंल कोण?"

"तक्रार केली तर घोडी नेता येते," मॅडम म्हणाल्या, "पण मला न्यायची नाही. ती तुझ्या हाकेला कान टवकारते, हे मी आल्यापासून बघतेय."

तेवढ्यात कमल बोलली. तिला रडूच येत होतं. "शुक्रवारी लगीन हाय माझ्या पोराचं. बिनघोडीचा परण्या काढू? लोक तोंडात शेण घालतील. अन् काकू, तुमीच तर सांगत फिरता, जावई कसे पायी गेले ते. उद्या माझ्यावरबी हसाल."

विहीणबाई, खरंच तर बोलली ती. माझ्याच गोष्टीला भिऊन ती पोराला त्या जखमेवर बसवायला निघाली होती.

मग तिथंच, गोठ्याच्या तोंडाशी उभी राहून, मी गोष्ट पहिल्यापासून सांगितली. ह्या खेपेला खरी. झुलीचं टोक, तुमचं गप्प बसणं, दिवाळीतला कांदा, सगळं. मुक्ताला तर काहीच माहीत नव्हतं. ती लाडीच्या मानेवर हात ठेवून ऐकत राहिली.

अन् दत्ता काय म्हणाला असेल? म्हणे, "चाकूरची वरमाई का? माझा बाप सांगायचा. लग्न उरकल्यावर एक बाई मागच्या दाराने आली, खोबरेल अन् कापूर देऊन गेली. म्हणाली, माशा बसू देऊ नको."

हे मात्र तुम्ही मला कधी सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तरी तेव्हा मी मानलं नसतंच म्हणा.

कमलने वाकून जखम जवळून बघितली, पिठाचे हात पदराला पुसले. "पोरगा पायी जाईल. पण दत्ता, घोडी पुढं पाहिजे."

"पुढं मोकळी चालवतो, ताई. नुसता गळ्यात हार."

"अन् ठरलेले पैसे देणार. वरून कुणी इचारलंच, तर सांगीन, मी रुसवा धरलाय."

"तुझा रुसवा काढायला कुणी लुगडं आणलं तर मला दे," मी म्हटलं. "मागच्या खेपेचं वाया गेलं."

मुक्ताने तिथंच जखम मिठाच्या पाण्याने धुतली. लाडी दोनदा थरथरली अन् मग गप उभी राहिली. किती हलका हात आहे हो पोरीचा. मॅडमनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं तेव्हा मी तोंड फिरवलं. सुईला मी अजून भिते. मग दोघी घरी आल्या. मुक्ताने चार भाकरी खाल्ल्या, वर म्हणते, चाकूरच्या आजीचे धपाटे जास्त खमंग असायचे. मरून पण तुम्ही माझ्या चुलीशी भांडता बघा.

शुक्रवारी परण्या निघाला. पुढं लाडी, पाठ उघडी, जखमेवर मलम, गळ्यात झेंडू. दत्ताने बँडवाल्यांना मागं ठेवलं. मागं नवरदेव चालत. लोक बोलले, का न्हाई बोलणार? एक जण म्हणाला, "पेट्रोल संपलं का घोडीचं?" नवरदेवच म्हणाला, "तिच्या पाठीला लागलंय. आई म्हणाली चाल, चालतोय." त्या मांडवात दोन बायांनी मला बाजूला घेऊन विचारलं, पुढच्या महिन्यात आमच्याकडं येणारी घोडी कुणाला दाखवायची? मी मुक्ताचा नंबर दिला. पाठ केलाय.

आता रोज सकाळी दत्ताकडं फेरी असते माझी. जखमेच्या कडेने लाल मांस भरून राहिलंय, माशा गेल्या. काल लाडीने माझ्या पदरातलं गाजर ओढलं अन् पदर पण चावला. दोन महिन्यांनी खोगिराखाली ठेवायला मी जुन्या लुगड्यांच्या दोन गाद्या शिवायला घेतल्या आहेत. मॅडमनी शिकवलं, मधे कण्याला जागा मोकळी सोडायची.

विहीणबाई, तुमच्या वर्षश्राद्धाला मी चाकूरला येणार. पंगत बसली की उभी राहून सगळ्यांना सांगणार, आमची विहीण रुसली नव्हती. अन् हातपाय चालतात तोवर आमच्या गावात झूल उचलून बघितल्याशिवाय घोडीवर नवरदेव बसणार न्हाई. हा शब्द देते.

मॅडम अन् मुक्ता पट्टी बघायला परत येणार आहेत. ह्या खेपेला भोकरकडच्या बाकीच्या घोडीवाल्यांना पण बोलवा म्हणाल्या, दत्ता निरोप देत फिरतोय. गुरुवारी येतो म्हणून गेल्या आहेत.

तुमची विहीण,
भागीरथी