बालवाडीची पाठराखीण

प्रिय जगदेवी,

सुनेला प्रिय असं लिहायची मला सवय नाही. तुझा चंद्रप्पा म्हणाला, पत्रात असंच लिहितात, म्हणून लिहिलं. एकदाच लिहिलंय, पुरवून वापर. अक्षर माझंच आहे. मठातल्या शाळेत दुसरीपर्यंत गेले, त्यातलं एवढंच उरलंय. ओळी चढाला लागल्यासारख्या वर वर जातात, तू मान वाकडी करून वाच.

मागच्या पत्रात तू लिहिलंस, बालवाडीची बाई अजून एकदा बदलली तर ट्रेनिंग सोडून लातूरला येते, नर्स होणं माझ्या नशिबात नाही, लेकरू आधी. तर ऐक. बाई गेली. सोमवारी गेली. लगेच पेटी भरायला उठू नको. आधी शेवटापर्यंत वाच, मग काय रडायचं ते रड.

इथं पाण्याचं विचारूच नको. तुमच्या नांदेडला निदान नदी तरी आहे, इथं टँकर आहे. कधी तांबडं फुटायला येतो, कधी भर उन्हात. भोंगा ऐकला की सगळी गल्ली घागरी घेऊन पळते. त्या झुंबडीत कडेवर लेकरू घेऊन उभं राहता येत नाही. परवा तुळजाबाईच्या नातीचा पाय हंड्याखाली आला, नख गेलं. चंद्रप्पा सकाळी डाळ मिलला जातो, तो भुकटीनं पिवळा होऊन दिवे लागल्यावर येतो. म्हणून तुझ्या नंदीला बालवाडीत ठेवावं लागतं, हौस म्हणून नाही. तुम्ही तिचं नाव महानंदा ठेवलं ते खरं, पण मी नंदीच म्हणते. दारात बसली की महादेवापुढच्या नंदीसारखी, हलवली तरी हलत नाही.

लातूर जिल्हा झाला तेव्हा आपण गोलाईच्या बाजारात जाऊन पेढे खाल्ले होते. कागदाच्या कपट्यासाठी उस्मानाबादला जायचं सुटलं म्हणून तुझे सासरे किती खूश होते! पण हा जिल्हा आमच्या बालवाडीच्या बाया खाईल, हे कुणी सांगितलं नव्हतं. रोज कुठलं ना कुठलं हापिस उघडतंय. ज्या पोरीला चार ओळी नीट लिहिता येतात, तिला तिथं टेबल-खुर्ची मिळते. बालवाडीत काय, तर चटई, सुकडीचं पातेलं आणि रांगेनं शेंबडी नाकं. कोण राहील? सुलोचनाबाई तर तुझ्या ओळखीचीच, ती आता कचेरीत ठप ठप शिक्के मारते. मग देगलूरची पोर आली. तिचं नाव तोंडात बसायच्या आत तिचं लग्न ठरलं. मग लोह्याची शोभा आली. गुणाची पोर, गाणी म्हणायची, नाकं पुसायची. पण घरमालकीण तिला तांब्याभर पाणी देईना. अंग न धुता किती दिवस काढील? गेली आईकडं. मी तिला दोष देत नाही. मालकिणीला देते, आणि तो तोंडावर देऊन आले.

बाई गेली की गल्लीतल्या आयांचे हाल बघवत नाहीत. एक कोर्टात झाडलोट करते, ती लेकराला तिथंच पायरीवर बसवते, वकील लोक ओलांडून जातात. एक कापडाच्या दुकानात आहे, तिनं पोरीला ताग्यांच्या मागं निजवलं, तर शेठनं दोघींना घरी घालवलं. गुरुपादप्पा मास्तरची सून नव्या कचेरीत टायपिंग करते, तिनं तर नोकरी सोडायचंच काढलं होतं. तुझ्यासारखंच. तुम्ही शिकलेल्या पोरी एवढं शिकता आणि पहिल्या अडचणीला चूल आठवते तुम्हाला.

आता नंदीचं सांगते, ते मी तुला आजवर कळवलं नव्हतं. सुलोचनाबाई कुणाला न सांगता गेली. दुसऱ्या दिवशी दारात देगलूरची पोर उभी. नंदीनं तिच्याकडं पाठ केली आणि दारात बसली. सुकडी खाल्ली नाही, गाणं म्हटलं नाही. घरी आल्यावर मला विचारते, "अव्वा, ही बी जाणार का?" मी काय खोटं बोलू? म्हणलं, "जाईल." तर म्हणाली, "मग मी तिचं नाव शिकत न्हाई." आणि नाहीच शिकली. ती पोर लग्न होऊन गेली, तरी नंदी तिला "ती" म्हणायची.

त्या बोलण्यावरून मला तुझी काकू आठवली, धुरपताबाई. तू नवी नवरी होऊन आमच्याकडं आलीस तेव्हा पाठराखीण म्हणून तीच आली होती ना. परक्या घरात पोरीला आपलं एक माणूस असावं, म्हणून तिला पाठवलेली. पोरीला धीर देणं राहिलं बाजूला, रोज पाटावर बसली की माझ्या आमटीत मीठ कमी. मी दात खाऊन वाढायची. तू तिचा पदर धरून फिरायचीस, न्हाणीपर्यंत. मला वाटलं, ही काय टिकायची नाही. आणि एका सकाळी तू चुलीपुढं भाकर थापता थापता, वर मान न करता तिला म्हणालीस, "काकू, आता तुमी निघा. तुमची जनावरं वाट बघत असतील." धुरपताबाईचं तोंड असं झालं, की मला पदर तोंडाला लावावा लागला. तोंडावर कौतुक करायची आमच्यात रीत नाही. पण तुझ्या सासऱ्यांना म्हणलं, पोरगी आपली झाली.

तर माझ्या डोक्यात आलं, की तुझ्यासारख्या वाढलेल्या पोरीला पाठराखीण लागली, आणि हे गुडघ्याएवढं लेकरू आपण दर वेळी परक्या बाईपुढं एकटं ढकलतो. ते पाठ फिरवील नाहीतर काय करील? शोभा येणार कळलं तेव्हा मी टँकरच्या रांगेत सगळ्या म्हाताऱ्यांना सांगितलं, नवी बाई आली की आपल्यातली एक जण पाठराखीण म्हणून बालवाडीत बसणार, पाळीपाळीनं. सगळ्या हसल्या. नागुबाई म्हणाली, "मल्लम्मा, उन्हानं डोस्कं तापलं का गं तुझं?" मी म्हणलं, "तापलंय. आन् पहिली पाळी तुझी हाय."

नागुबाई गेली, आणि घोळ करून आली. जाताना पदरात धपाटे बांधून नेले. मधोमध बसली, सगळ्या लेकरांना तुकडा तुकडा वाटला, राजाराणीची गोष्ट सांगितली. लेकरं हिच्या अंगावर लोळतायत, आणि शोभा बिचारी खडू हातात धरून भिंतीला टेकलेली. नागुबाई निघाली तर एकच आकांत. दुसऱ्या दिवशी लेकरं शोभाला विचारतात, धपाट्याची म्हातारी कुठं हाय? मी नागुबाईला म्हणलं, "तुला पाठराखीण म्हणून धाडलं, तू सासू होऊन बसलीस." ती माझ्याशी दोन टँकर बोलली नाही. पण त्यातून आम्ही शिकलो. आता बसायचं ते उंबऱ्यावर, तोंड रस्त्याकडं. हात रिकामे. लेकरू जवळ आलं, काही मागायला लागलं, तर एकच म्हणायचं, "बाईला सांग." आणि चोरून निघायचं नाही. लेकरानं जा म्हणल्याशिवाय उठायचं नाही, जा म्हणल्यावर थांबायचं नाही. जाणाऱ्या बाईलाही आम्ही सोडत नाही. शोभाला मी सांगितलं, "तोंड चुकवून जायचं न्हाई. एकेकाला जवळ घे आन् सांग, मी चालले." तिनं सांगितलं. आम्ही तिची ओटी भरली, खणाच्या जागी रुमाल होता, पण भरली. लेकरं रडली. रडू दे. न सांगता गेलेल्या बाईचं लेकरू रडत नाही, ते नाव शिकायचं सोडून देतं.

बुधवारी नवी बाई आली. पंचशीला कांबळे, विशीच्या आतबाहेरची, डोक्याला तेल चपचपीत, आवाज मात्र खणखणीत. दोघीतिघींनी नाकं मुरडली, कुणाची कोण म्हणून. मी रांगेतच विचारलं, "नाक वाकडं झालं असंल तर सरकारी दवाखान्यात जा, आन् लेकरू धाड बालवाडीत." लेकरं आली सगळी. पाळी माझी होती. उंबऱ्यावर बसले, रस्त्याकडं तोंड. कान मात्र आत. खरं सांगते, नंदीनं पुन्हा पाठ केली तर तुला काय कळवायचं, ह्याची फिकीर. तू ट्रेनिंग सोडून आली असतीस, आणि मग जन्मभर डाळ निवडत बसली असतीस, माझ्याशेजारी. माझ्याशेजारी बसायला तुला नांदेडला धाडलं नव्हतं.

नंदी आधी माझ्या पाठीला टेकून बसली. मी हलले नाही. तेवढ्यात मडिवाळप्पाची धाकटी लेक आली, तिचा पहिलाच दिवस. दारातच भोकाड. तिची आई एका हातानं तिला ढकलते, दुसऱ्या हातानं डोळे पुसते. पाठीवरचा भार हलला म्हणून मी मान वळवली. नंदी उठली होती. तिनं त्या पोरीचा हात धरला आणि तिला ओढत बाईपुढं नेऊन उभं केलं. म्हणाली, "ह्या पंचशीलाबाई. ह्या बी जातील कवातरी. पण आज हायत." पंचशीलानं दोघींना जवळ बसवून घेतलं आणि चिमणीचं गाणं सुरू केलं. थोड्या वेळानं नंदी उंबऱ्यापाशी आली, कमरेवर हात ठेवून, तुझ्यासारखीच, आणि मला म्हणते, "अव्वा, आता तू जा घरी. टँकर यील."

कोण शिकवतं गं ह्या पोरींना? तू चुलीपुढं बोललीस तेव्हा ही जन्मलीसुद्धा नव्हती. मी उठले, लुगडं झटकलं आणि निघाले. कोपऱ्यापर्यंत मागं बघितलं नाही. कोपऱ्यावर बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती. मला लई बरं वाटलं. त्या दिवशी टँकर आला नाही. घरी आल्या आल्या ज्याला त्याला सांगत सुटले, नागुबाईलाही सांगितलं, दोनदा. ती म्हणाली, "नात तुझ्यावर गेली." मी म्हणलं, "न्हाई. सुनेवर गेली."

तर नंदीसाठी यायची गरज नाही. पण एवढं तर चंद्रप्पानं एका कार्डावर लिहिलं असतं, त्यासाठी मी बोटं दुखवून घेतली नसती. लेकरू आधी, हे तुझं खरं आहे, पण अर्धं. चंद्रप्पा तुला भेटायला गेला तेव्हा तू त्याला विचारलंस, ट्रेनिंग झाल्यावर माहूरच्या डोंगरात नाहीतर हिमायतनगरकडं नेमणूक दिली, तर तिथं माझं कोण? त्यानं मला ते आता सांगितलं, गाढवानं. ऐक. तिथं तू नवी बाई असशील. त्या गावातून तुझ्याआधी किती नर्सबाया गेल्या असतील कोण जाणे. तिथल्या बायका तुझ्याकडं पाठ करतील, म्हणतील ही बी जाणार, नाव कशाला शिकायचं. म्हणून मी येणार आहे, नंदीला घेऊन, पाठराखीण म्हणून. सासू पाठराखीण झालेली कुणी ऐकली नसेल, ऐकतील. दवाखान्याच्या उंबऱ्यावर बसेन, रस्त्याकडं तोंड करून. कुणी काही विचारलं तर म्हणेन, "बाईला सांगा." तुझ्या आमटीत मीठ कमी असलं तरी बोलणार नाही, बोलले तर एकदाच. आणि ज्या सकाळी तू वर मान न करता म्हणशील, आत्याबाई, आता तुमी निघा, त्या सकाळी मी पिशवी उचलून निघेन. कोपऱ्यावर मागं बघेन, तेव्हा तू माझ्याकडं बघायचं नाही. एवढं जमवायचं. त्यासाठी आधी ट्रेनिंग पुरं कर.

तुझीच (हे चंद्रप्पानं सांगितलेलं नाही),
मल्लम्मा