नात हुशार वर्गात गेली

सोमवार, ३ तारीख
सगळ्यात आधी टपकली खालची शिवणवाली, गळ्यात टेप तशीच लोंबत. मग बेकरीवाला. मग लेकीच्या सासरच्या विहीणबाई, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. नात शाळेच्या खास हुशार वर्गात गेली ना! बेकरीवाल्याने तिला एकोणतीसचा पाढा विचारला. पोर दारामागे लपली. मी म्हटलं, मोठ्या डोक्याची मुलं लाजाळूच. पाढा त्यालाही येत नव्हता.

मंगळवार, ४
हुशार मुलांना चष्मा असतो, भूक नसते, खेळ आवडत नाहीत. हिचं तिन्ही उलटं. दोरीच्या उड्या काय, दोनदा वाढून घेणं काय! दोरी कपाटावर टाकली. यांचा जुना चष्मा काचा काढून दिला. पाहुण्यांपुरता.

गुरुवार, ६
माझी शाळा दुसरीत सुटली. रोज संध्याकाळी नातच मला लिहायला शिकवते, ही वहीही तिचीच. आजपासून शिकवणी बंद. असल्या डोक्याने म्हातारीला शिकवायचं म्हणजे तलवारीने भाजी चिरणं. ती म्हणाली, मला तलवार व्हायचंच नाही. विनोदीही आहे हो!

रविवार, ९
तिघं पुन्हा हजर. शिवणवालीने लेकाचा गृहपाठच आणला. पोरीचं एक गणित चुकलं. विहीणबाई हसल्या. मी म्हटलं, तुम्हाला बरं वाटावं म्हणून चुकली. पोर जेवली नाही. लक्षणं दिसायला लागली!

बुधवार, १२
अजून नीट जेवत नाही. एवढी हुशारी नको होती.

शुक्रवार, १४
वर्गाच्या बाई घरी आल्या. घाईने पोरीला चष्मा चढवला. बाईंनी विचारलं, काचा कुठे गेल्या? मग पेपर दाखवला. कोरा! सगळं येत असून. कोरा दिला की वर्गातून काढतील, असं पोरीला वाटलं म्हणे. बाई म्हणाल्या, काढत नाही, पण घरी काय चाललंय? सुनेने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.
बाई गेल्यावर पोरीने विचारलं, आजी, मी ढ झाले तर तुला पुन्हा शिकवू देशील? दोरी काढायला गेले, हात पोचेना. तिनेच काढली.
उद्या तिघांना ठणकावून सांगणार, आता येऊ नका.

शनिवार, १५
सांगायलाच गेले होते. तिघंही शिवणवालीकडेच बसलेली. तिने चहा पुढे केला, विचारलं, पोरीला एवढी हुशार केलीत कशी? तासभर सांगत बसले. मुद्दा राहूनच गेला. नात खाली उड्या मारतेय, तिला यातलं अजून काही सांगितलं नाही.
उद्या चारला येतो म्हणाले, तिघंही. बेकरीवाला जाड पुस्तक आणणार आहे.