न ढवळलेल्या पाण्याबद्दल

तीर्थरूप तोकुजीमामांना योकोहामाहून नाओफुमीचा वाकून नमस्कार.

तिकडे अजून धुकं असेल, आणि समुद्रातून काढलेल्या कोंबू शेवाळाच्या ओल्या पट्ट्या खडीवर पसरून सुवेमामी आभाळाकडे बघत पुटपुटत असतील. इकडे नुसता घाम. तुमची सर्दी उतरली का? (ती कुणामुळे झाली ते सांगायलाच बसलोय.) होडी विकायचं ठरवलंत, ओनोदेरा रविवारी न्यायला येणार, असं मामी फोनवर म्हणाल्या. त्यात मी काही बोलणार नाही. तो तुमचा प्रश्न.

गेल्या महिन्यात आलो, तेव्हा पाहुणा म्हणून पहिली अंघोळ माझी. तुमच्या जुन्या टबाला आच बाजूने लागते. वरचं पाणी कढत, तळाचं गार. म्हणून तर पाणी ढवळायला भिंतीला फळी टांगलेली असते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी वर बोट बुडवलं, चटका बसला, आणि गार पाण्याचा नळ सोडून दिला. आत बसलो तर खांद्यांशी उन्हाळा आणि पायांशी जानेवारी. पण बाहेर धुकं, आत वाफ, गुडघ्यापाशी हळूच फिरणारे बोटभर भोवरे... मामा, तंद्रीच लागली. मामींनी दाराआडून विचारलं, “नाओ, फळी फिरवलीस ना रे?” मी “हो” म्हणालो. ते खोटं होतं. माझ्यामागून त्याच पाण्यात तुम्ही उतरलात, आणि जेवायला बसलात ते शिंकतच. मामी मला म्हणाल्या, “समुद्र ढवळायचा पगार घेतोस आणि मेल्या, टब ढवळवत नाही?”

त्याच जेवणात मी शहाणपणा करून तो लाल नकाशा काढला. आमचा समुद्र कॉम्प्युटरात असतो, चौकोनाचौकोनांचा. एका चौकोनात तुमचं गाव, पलीकडचं गाव आणि मधला डोंगर आरामात मावतो. पाणी खालीवर करणारे भोवरे मात्र टोपलीएवढे, नाहीतर तळहाताएवढे. ते चौकोनाला दिसत नाहीत. मग त्यांच्या जागी आम्ही एक आकडा ठेवतो: इथलं पाणी एवढं ढवळतं असं समजा. (या ‘समजा’वर आमचं अर्धं ऑफिस जगतं.) तीस वर्षांनी तुमचा किनारा कोमट, कोंबू नाहीसा, असं नकाशा म्हणत होता. तुम्ही जेवणाच्या काड्या खाली ठेवल्यात आणि म्हणालात, “म्हणजे आपलं संपलं तर.” मी सूप पीत राहिलो. त्याची लाज वाटते.

परत आल्यावर आमच्या प्रमुख इगाराशीबाईंनी नकाशातल्या तुमच्या सामुद्रधुनीवर बोट ठेवलं. “हा आकडा कुठून आणलात?” सगळ्या समुद्राला लावला तोच मी तिथेही लावला होता. जिथे भरती-ओहोटी पाण्याखालच्या डोंगरावर आपटून तळाचं गार पाणी वर आणते, जिथे “वल्हं सोडलं तर समुद्रच ते फिरवतो” असं तुम्ही मला लहानपणापासून सांगत आलात, तिथे! मला एकदम तुमची शिंक ऐकू आली. वरवर बोट बुडवून मी गावभराची अंघोळ बिघडवली होती.

आकडा वाढवला. कॉम्प्युटर दोन आठवडे रवंथ करत बसला. मग एका दुपारी तुमच्या किनाऱ्यावरचा लाल रंग ओसरला आणि निळा पसरला. चहा गार झाला तरी मी बघत होतो. त्या चौकोनात होडी कधीच दिसणार नाही, पण मला दिसली. तुम्ही उभे, हातात लांब काठी, पाण्यातला कोंबू तिला गुंडाळून वर ओढताय. डोळे भरून आले. (इगाराशीबाईंना स्क्रीनच्या उजेडाचं कारण सांगितलं.)

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
नाओफुमी

ता.क. होडी विकू नका. नव्या नकाशातही समुद्र तापतो, पण सावकाश. कोंबू तीस वर्षांनीही दिसतो.

ता.क. २. नवा आकडाही तूर्त ‘समजा’च आहे. तो खरा की खोटा, हे सामुद्रधुनीत यंत्र सोडून मोजावं लागेल. संस्थेचं जहाज दोन वर्षं मोकळं नाही. तेव्हा सप्टेंबरात तुमची होडी हवी, आणि चालवायला तुम्ही. माझ्यासाठी बादली ठेवा. मला तलावातल्या नावेतही उलटी होते.

ता.क. ३. त्या दिवशी पहिली अंघोळ तुमची. मामी दाराआडून विचारतील, तेव्हा माझं “हो” खरं असेल.