दादाची नाव

१२ ऑगस्ट
दादा गेल्यावर आज वहिनीने त्याची खेळांची पेटी माझ्याकडे दिली. डोळ्यांसमोर नको म्हणाली.
सगळे न खपलेले खेळ. दुकानदार फेकायला काढायचा, हा उचलून आणायचा. मी चिडवायचो – खेळांचा अनाथाश्रम काढलायस! तो नुसता हसायचा.

१३ ऑगस्ट
हातात धरून खेळायचं ते यंत्र फार जुनं. पडद्याला स्वतःचा उजेड नाही, खिडकीशीच बसावं लागतं. त्यात टपालाच्या नावेची कॅसेट होती. मारामारी नाही, शर्यत नाही. वारा बघून शीड फिरवायचं, बेटाबेटांवर पत्रं पोचवायची. असला खेळ कोण घेणार!
चालू केलं तर दादाची नाव समोर. धक्क्याला लावलेली. एकच पत्र उरलेलं.
बंद केलं.

१६ ऑगस्ट
कामावरून आलो की बघतो. बटणाला हात लावत नाही. नाव जागच्या जागी डुलत असते.

२१ ऑगस्ट
आज बराच वेळ नाव दिसेना. दोनदा बंद करून चालू केलं. मग दिसली.
रिपेअरवाल्याकडे गेलो. म्हणाला, कॅसेटच्या आत बारीक सेल असतो, खेळ कुठवर आला ते त्याच्या जिवावर टिकतं. सेल संपत आलाय. बदलला तर साठवलेलं सगळं पुसलं जाणार. नाही बदलला तरी आज ना उद्या जाणारच.
तशीच परत आणली.

२२ ऑगस्ट
कशातच लक्ष नाही.

२४ ऑगस्ट
वहिनीला सांगायला गेलो. ती भांडी पुसत होती. दादाचा खेळ जाणार, एवढंच कसंबसं बोललो.
“भाऊजी, तो खेळ मी खेळलेय.”
आजारपणात दादाची बोटं चालेनाशी झाली. तो पडल्या पडल्या सांगायचा – डावीकडे घे, वारा फिरलाय – आणि बटणं ही दाबायची. चुकली की वैतागायचा. सगळ्या संसारात ओरडला नाही तेवढा नावेवरून ओरडला म्हणे. हे सांगताना हसली. शेवटचं पत्र दोघांनी मुद्दाम राखून ठेवलं होतं. दिलं की खेळ संपणार.
आणि मी समजत होतो, वहिनीला यातलं काय कळतंय!
यंत्र तिच्या हातात दिलं. काय करायचं ते तूच ठरव म्हटलं.

३० ऑगस्ट
वहिनीने सेल बदलून घेतला. सगळं पुसलं गेलं. खिडकीशी बसून तिने पहिल्या बेटावरून नाव सोडली. माझा चेहरा बघून म्हणाली, “रस्ता पाठ आहे मला.”